ओस्लाच्या स्वेटरातला पिवळा

ओस्ला आइसबिस्टरच्या अंगावर बारा महिने एकच निळं कार्डिगन असायचं. लरविक शहरातल्या दुकानातून विकत आणलेलं, तेही यंत्रावर विणलेलं. आमच्या शेटलंड बेटांवर हे म्हणजे कोळणीने डब्यातला मासा विकत आणून खाण्यासारखं. ओस्ला काही साधीसुधी विणकरीण नव्हती. कमरेला चामडी पट्टा, पट्ट्याच्या भोकात खोचलेली सुई, आणि तोंड शेजारणीकडे. हाताकडे बघायची तिला गरजच नसे. किटली उकळेपर्यंत तिच्या सुईवर चार रांगा चढलेल्या असायच्या. तिने विणलेले स्वेटर कुठल्या कुठल्या शहरांत बायका मिरवत होत्या, पण स्वतःच्या अंगाला तिचा एक टाका लागला नव्हता. विणलं की लोकर देणाऱ्या गावच्या दुकानदाराकडे, असाच रिवाज होता.

रंगही दुकानदारच ठरवायचा. फिका निळा, फिका करडा, ओल्या वाळूसारखा काहीतरी. "गिऱ्हाइकाला भडक चालत नाही," हे त्याचं पालुपद. मला विचाराल तर त्या माणसाला रंगांची भीतीच वाटायची. त्या वसंतात त्याने दुकान आवरलं आणि तो मुलीकडे स्कॉटलंडात राहायला गेला. जाताना उरल्यासुरल्या लोकरीच्या लड्या एका पोत्यात भरून त्याने ओस्लाकडे पाठवून दिल्या.

"आता स्वतःला एक विण," तिचा नवरा मॅग्नी म्हणाला. "शर्यतींच्या दिवशी हॉलमध्ये चहाला घाल. ते निळं कार्डिगन बघून बघून माझे डोळे गेले."

"तुझे डोळे चष्मा हरवल्यामुळे गेलेत," ओस्ला म्हणाली. पण गोष्ट तिच्या मनात बसली. ऑगस्टात होड्यांच्या शर्यती होतात, अख्खा गाव हॉलमध्ये चहाला जमतो. यंदा तिथे आपण आपल्या हातचा, आपण ठरवलेल्या नक्षीचा, आपल्या रंगांचा स्वेटर घालून बसायचं. एवढीच तिची इच्छा होती आणि ती तिला फार होती.

आणि तिथेच घोडं अडलं. आपले रंग म्हणजे कोणते?

निळ्याने सुरुवात केली. चार बोटं विणून झालं आणि तिला वाटलं, हा तर दुकानदाराचा. उसवलं. मग करडा घेतला, तो तिला आईचा वाटला. तोही उसवला. हिरवा तर कुणाचाच वाटेना. आयुष्यभर दुसऱ्यांची आवड विणलेल्या बाईला स्वतःची आवड सापडेना. याचं तिला हसू यायचं आणि मधूनच रडूही यायचं. लोकर उसवून उसवून केसाळ झाली.

एका सकाळी ती ओट्याशी बटाटे सोलत उभी होती. ओट्यामागच्या खिडकीतून खाडी दिसते, आणि खाडीच्या तोंडाशी एक काळं खडप. मॅग्नी त्याच्या पलीकडे शेवंडींचे पिंजरे टाकतो. बटाटे सोलता सोलता तिची नजर सवयीने तिकडे जात होती, परत येत होती. सोलून झाल्यावर तिने हात पुसले, सरळ पोत्याशी गेली आणि तळातून एक लडी ओढून काढली. पिवळी. दुकानदाराने कधीकाळी नापास केलेली, झगझगीत. का काढली ते तिलाही सांगता आलं नसतं.

आपल्याच मेंढ्यांची तपकिरी लोकर तिने जोडीला घेतली. चौकड्या, चांदण्या, नांगर अशी नक्षी तपकिरी, आणि तिच्यामागची जमीन पिवळी. आधी एकच पट्टा करायचा म्हणाली. मग छातीवर रुंद पट्टा झाला, मग दोन्ही बाह्यांवर. या वेळी काहीच उसवलं नाही.

शर्यतींच्या आठवड्यात नणंद गर्झी आली. चुलीशी खुर्ची ओढून बसली आणि स्वेटर हातात घेऊन उलटा करून बघितला, कारण आमच्याकडे बाईची पारख उलट्या बाजूवरून होते. तिथे तिला खोट सापडेना. मग सुलटा केला.

"हात तुझा सोन्याचा आहे," ती म्हणाली. "पण हा रंग काय गं? हॉलमधले दिवे मालवले तरी चालतील."

"फार झालंय का?"

"फार? कोंबडे उजाडलं समजून आरवतील. हे बघ, अजून दिवस आहेत. पिवळं उसव आणि तिथे करडं घाल. सगळे टक लावून बघतील आणि तुझा घास घशात अडकेल. तुला मी ओळखते."

गर्झी वाईट नव्हती. बरोबर बोलायची, हीच तिची खोड. ओस्लाने रात्रभर कूस बदलली नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी तिने ठरवलं की स्वेटर धुऊन चौकटीवर चढवायचा, वाळला की लांबून एकदा बघायचा. नजरेला टोचला तर उसवायचा आणि निळं कार्डिगन घालून हॉलमध्ये जायचं.

चौकट म्हणजे स्वेटर ताणून वाळवायची लाकडी फ्रेम, मधे खांब आणि दोन्हीकडे आडवे हात. एरवी ती गोठ्यामागे उभी असते, कारण वारा समुद्राकडून येतो. त्या दिवशी वारा जमिनीवरून होता. म्हणून ओस्लाने चौकट समुद्राकडच्या भिंतीशी नेली, स्वेटर चढवला आणि आत येऊन तव्यावर बॅनक, म्हणजे आमच्याकडच्या जाड भाकऱ्या, टाकायला बसली. जरा वेळाने गर्झीही लोणी घेऊन आली.

पहिला बॅनक उलटतोय तोच दार धाडकन उघडलं. मॅग्नी. बूट पाण्याने भरलेले, टोपी गायब, छाती भात्यासारखी हलतेय.

"काय झालं?" तो ओरडला.

"कशाचं काय झालं? दार लाव, धूर होतोय."

"तू... तू उभी होतीस. भिंतीशी. दोन्ही हात पसरून. किती वेळ. मी हाका मारल्या तर हलेनास. मला वाटलं आग लागली, नाहीतर गर्झी गेली."

"मी का जाईन?" गर्झी म्हणाली.

ओस्लाने त्याला हाताला धरून बाहेर नेलं. चौकट हात पसरून शांत उभी होती. मॅग्नीने तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे, मग खाली दगडावर बसला. जन्मभर घरोघरी चौकटी बघितलेला माणूस.

गर्झी दाराला टेकून हसत होती, डोळे पुसत होती. "लाकडाला भेटायला पिंजरे सोडून आला."

"अरे, पण कुठून बघितलंस तू?" ओस्लाने विचारलं.

"खडपाच्या पलीकडून."

"इतक्या लांबून? घर तरी दिसतं का तिथून?"

"घर कसलं दिसतंय. दगडात दगड. नुसतं पिवळं दिसलं आणि मला कळलं की तू आहेस."

ओस्लाने मॅग्नीकडे वळून बघितलं. तिच्यासमोर तो बसला होता, अंगात मेणकापडाचा पिवळा डगला. असाच डगला तो लग्नाच्या वर्षापासून घालत आला होता, एक फाटला की दुसरा. आणि लग्नाच्या वर्षापासून ती त्या खिडकीत उभी राहून खडपाच्या कडेला एक पिवळा ठिपका शोधत आली होती. तो दिसला की बटाटे चुलीवर चढायचे. दिसेपर्यंत ती ओट्यापासून हलायची नाही. जगात तिने दुसऱ्या कुठल्याच रंगाची इतकी वाट बघितली नव्हती, आणि ती लोकरीच्या पोत्यात आपला रंग धुंडाळत बसली होती.

"उसवणार होतीस ना?" गर्झीने विचारलं.

"तव्यावर बॅनक करपतोय," ओस्ला म्हणाली.

हॉलमध्ये सगळ्यांनी टक लावून बघितलं, गर्झीने सांगितलं होतं तसंच. पण बघून झाल्यावर सगळे मॅग्नीकडे वळले, कारण चौकटीची गोष्ट तोवर बेटभर झाली होती. ज्याने त्याने त्याला दोन्ही हात पसरून नमस्कार केला. ओस्लाने पोटभर खाल्लं आणि केक दुसऱ्यांदा मागून घेतला.

सोमवारी मॅग्नी पिंजरे काढायला निघाला. दाराशी डगल्याची बटणं लावत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "दुपारी मी परत येताना जरा भिंतीशी येऊन उभी राहशील? ते पिवळं घालून."

"कशाला?"

"दिसतेस," तो म्हणाला. "बरं वाटतं."