माझ्याकडे नसलेली अक्षरं

या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच देव, भुतं, अंगात येणं — सगळं घराबाहेर गेलं. मी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो, पण आजवर कुणाच्या दारी अंगारा मागायला गेलो नाही. तरी हे लिहितोय, कारण... जाऊ द्या. घडलं तसं सांगतो.

मी लाखांदूरला एकटाच राहतो. पत्नी वत्सला दोन वर्षांपूर्वी किडनीच्या आजारानं गेली. एकुलती मुलगी प्रज्ञा पुण्याला नोकरी करते.

वत्सलाच्या आजारपणात प्रज्ञानं इंग्रजी अक्षरांच्या ठोकळ्यांचा खेळ आणून दिला होता. हाती आलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधून पाटावर लावायचा. वत्सला नववी शिकलेली. एकदा तिनं एम, ए, एल, ई असे ठोकळे लावले. मी खूश होऊन म्हटलं, "वा! मेल. म्हणजे पुरुष."

"मेल नाही जी," ती म्हणाली. "मले! मले पानी द्या, त्यातला मले."

तेव्हापासून तिचे शब्द असेच. आपली भंडाऱ्याकडची झाडीची बोली, इंग्रजी अक्षरांत. शेवटी शेवटी बोलायलाही तिला थकवा यायचा. मग दुपारी ती ठोकळ्यांनीच विचारायची — जे, ई, व्ही, एल, ई. जेवले? मी मान हलवल्याशिवाय ती स्वतः घास घ्यायची नाही.

ती गेल्यावर तो डबा मी प्रज्ञाकडे पाठवून दिला. घरात नको वाटायचा. पण प्रज्ञानं तोच खेळ माझ्या मोबाईलवर टाकून दिला. ती तिकडून एक शब्द लावते, मी इकडून एक. दिवसभरात माझं कुणाशी काही बोलणं होत असेल तर तेवढंच.

ही गोष्ट गेल्या दिवाळीनंतरची. धान कापणी जोरात सुरू होती, त्यामुळे दुपारी आमच्या गल्लीत माणूस दिसत नव्हतं. मला शुगर आहे. जेवणाआधी इन्सुलिन टोचून घेतलं, कुकर गॅसवर ठेवला आणि शिट्टीची वाट पाहत खुर्चीत मोबाईल घेऊन बसलो. सिलेंडर संपलं होतं, हे मला कळलंच नाही. शिट्टी होईनाच, आणि मी आपला अक्षरं जुळवत राहिलो. दोन टी, दोन ओ, आय, यू, एन. ही अक्षरं मला पक्की आठवतात, कारण या सगळ्यांचा मिळून एखादा लांब शब्द होतो का, ते शोधत होतो. होत नव्हता. मग घाम फुटला. अक्षरं पुसट झाली, आणि पुढचं काही आठवत नाही...

डोळे उघडले तेव्हा शेजारची कल्पना तोंडाशी पेला धरून उभी होती. गोड पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं.

"तोंड उघडा ना जी, मास्तर! घोट घ्या. पुरी साखर घातली आहे."

शेतावरच्या माणसांचा डबा न्यायला ती घरी आली होती, म्हणून सापडली. तिच्या दुसऱ्या हातातल्या फोनवर प्रज्ञा रडत होती. "काकू, बाबा बोलले का? काही बोलले का?"

थोडं बरं वाटल्यावर मी प्रज्ञाला विचारलं, "तुला कसं कळलं?"

"तुम्हीच तर शब्द लावला ना बाबा."

"मी काही लावलं नाही."

मग तिनं सांगितलं. ऑफिसच्या कँटीनमध्ये ती जेवायला बसली होती. फोन वाजला — बाबांनी शब्द लावला. बघते तर पाटावर जे, ई, व्ही, एल, ई. शेजारी बसलेली मैत्रीण, केरळची, मराठी फारसं न कळणारी. ती हसून म्हणाली, तुझ्या बाबांचं ज्वेलचं स्पेलिंग चुकलं. प्रज्ञाला मात्र हसू आलं नाही; आईचा हा शब्द तिला ठाऊक होता. तिनं मला फोन लावला. मी उचलला नाही. मग कल्पनाला लावला.

मी तेव्हाच खेळ उघडून पाहिला. तो शब्द पाटावर नव्हता. खेळ माझ्याच पाळीवर थांबलेला, हातात तीच अक्षरं — दोन टी, दोन ओ, आय, यू, एन. अख्ख्या डावात जे एकच असतो, आणि तो प्रज्ञानं आधीच्या शब्दात वापरलेला होता. शिवाय शब्दकोशात नसलेला शब्द हा खेळ घेतच नाही. तिकडे प्रज्ञानंही पुन्हा उघडलं. तिच्याकडेही काही नाही.

डॉक्टर म्हणाले, "शुगर उतरली की डोकं चालत नाही. तुम्हीच काहीतरी दाबलं असेल." मी मान डोलावली. पण शुगर माझी उतरली होती, प्रज्ञाची नव्हती. तिच्या मैत्रिणीचीही नव्हती. प्रज्ञाच्या ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं तिचा फोन तपासला. खेळात असं होऊच शकत नाही म्हणाला, आणि विषय बदलला.

प्रज्ञा म्हणते, पुण्याला या. मी टाळतो. कल्पना आता रोज दुपारी भिंतीपलीकडून हाक मारते, "मास्तर, झालं का जी जेवण?" मी "हो" म्हणतो. खरंच जेवलेलो असतो.

भीती वाटली का, असं एकदोघांनी विचारलं. नाही वाटली. हे कसं घडलं? खरं सांगू, आता ते मी शोधतही नाही. अजूनही मोबाईल वाजला की आधी पाट पाहतो. प्रज्ञाचा शब्द असतो, साधा, इंग्रजी. मला एवढंच कळत नाही, की जिला एकदा येता आलं, ती पुन्हा का नाही आली...