चंद्रिका आणि कोरियाची भुतं

चंद्रिकाला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं ते एका कोरियन बाईसाठी. कंपनीच्या बसमधून उतरली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, नवऱ्याने, मुकेशने, काहीतरी केलं असणार. मी लगेच पदर खोचला. भांडायला मला कारण लागत नाही, समोर माणूस असला की पुरे. तर ही म्हणते, "जमुनाबेन, लग्न ठरलं होतं हो तिचं, आणि तो सगळं विसरला. तिला ओळखतसुद्धा नाही." कोण तो, कोण ती? मोबाइलमधले! मी खोचलेला पदर सोडला आणि तिला दोन शिव्या घातल्या.

मी मूळची धाकटी डहाणू गावची, मासेवाल्यांच्या घरातली. उधव्याच्या नाक्यावर सुक्या मासळीचं दुकान टाकलं, तिथे जम बसला, म्हणून मीही इथेच बसले. राहायला खोली घेतली ती चंद्रिकाच्या अंगणाला लागून. ती रोज सकाळी बसने हद्दीपलीकडे गुजरातमधल्या एका कंपनीत पेनांना टोपणं लावायला जायची आणि संध्याकाळी परत यायची. त्या जाण्यायेण्यात तिने हिंदीत केलेले कोरियन सिनेमे बघायला सुरुवात केली आणि बघता बघता त्यातली पंडित झाली. प्रेमाचा सिनेमा सकाळी, ताजं असताना. रडका सिनेमा परतताना, कारण घरी रडायला सवड नसते. खुनाचा सिनेमा मुकेशशी भांडण झालं की. आणि भुताचा कधी, ते पुढे सांगते.

मी नाकं मुरडायची. प्रेमाच्या सिनेमात नुसता हात धरायला त्यांना दीड तास लागतो, तोवर माझे बोंबील सुकून होतात. पण एकदा तिने मला दाखवलं, ती माणसं आपल्यासारखी चपला दारात काढतात, खाली बसून जेवतात, आणि ताटात चक्क सुकी मासळी! बारीक, मांदेलीएवढी. त्या दिवसापासून मीही बघायला लागले. मासळी खाणारी माणसं अगदीच परकी कशी म्हणायची?

आता भुताचं. आमच्या ह्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात गेली काही वर्षं जमीन हलते, हे पेपरात वाचलं असेल. वाचणं वेगळं. आधी जमिनीच्या पोटातून गडगडल्याचा आवाज येतो, मग पायाखालून काहीतरी सरकतं, मग भांडी वाजतात. क्षणभरच. पण तो क्षण संपला की पुढचा कधी येईल ह्याची वाट बघणं सुरू होतं, आणि ते वाट बघणं कधीच संपत नाही. मी समुद्राच्या काठावर वाढले. समुद्र माणसं नेतो, पण आधी ढग दाखवतो, वारा दाखवतो. जमीन काहीच दाखवत नाही. मला पहिल्या धक्क्याला अशी बोबडी वळली होती की मी देवाऐवजी आमच्या होडीवरच्या नाखव्याचं नाव घेत होते.

चंद्रिकाची भीती माझ्याहून मोठी, कारण तिचं घर विटांचं. तिने आणि मुकेशने दोन पगारांतून उभं केलेलं, पुढची खोली, आतली खोली, वर स्लॅब. शेजारी सासूची, बायजीची, जुनी झोपडी कुडाची, म्हणजे कारवीच्या काठ्या आणि वरून शेणमाती. बायजी नव्या घरात राहायला गेलीच नाही. म्हणायची, "जड घर हाय तुमचं. माझं पडलं तं अंग झाडून उभी राहीन. तुमचं पडलं तं?" ज्या घराचा चंद्रिकाला सगळ्यात जास्त अभिमान, त्याच घराकडे ती भीतीने बघायला लागली. आत तिची आठ वर्षांची मुलगी हेतल झोपायची. हेतलच्या डोक्यावर तो स्लॅब होता.

म्हणून तिने फळीवर स्टीलच्या पेल्यांचा मनोरा रचला, एकावर एक. जमीन जराशी हलली तरी पेले आधी किणकिणायचे, आणि घरात नियमच होता, पेले वाजले की आहे तसं उठून अंगणात. हेतललासुद्धा झोपेतून उठून पळायची सवय लागली होती. आणि प्रत्येक धक्क्यानंतर चंद्रिका मोबाइलवर भुताचा सिनेमा लावायची. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आणि ही ब्रह्मराक्षसाला पाट मांडून बसवते!

"तसं नाही, जमुनाबेन," ती म्हणायची. "ही भीती दोन तासांत संपते. संपते म्हणजे काय ते बघायला मला बरं वाटतं."

तिचं आणखी एक म्हणणं होतं. त्या सिनेमांत आई नेहमी मागे फिरते. घरात भूत असो, आग असो, सगळे बाहेर पळतात आणि आई पोरासाठी पुन्हा आत जाते. हे सांगताना तिचा आवाज बदलायचा. "बघून बघून माझं मन तयार झालंय," ती म्हणायची. "वेळ आली तर पाय आपोआप आत वळतील." आम्ही बायका माना डोलवायचो. आईबद्दल दुसरं काही म्हणता येतं का?

मग मुकेशने वापीहून स्पीकर आणला. खोक्याएवढा, काळा. टीव्हीला जोडला की भुताच्या पावलाने छातीत धडधडायचं. रविवारी कंपनीला सुट्टी, म्हणून दुपारी जेवणं आटोपली की आम्ही तिच्या पुढच्या खोलीत जमायचो. मी, पलीकडच्या घरातली लाडकी आणि चंद्रिका. पहिल्या रविवारी पडद्यावर दार आपटलं, स्पीकर घुमला आणि फळीवरचे पेले किणकिणले. आम्ही तिघी अंगणात! चपला हातात, लाडकीचा अंबाडा सुटलेला. बाहेर बायजी शांतपणे तांदूळ पाखडत होती. जमीन जागच्या जागी होती. आम्ही हसून हसून रडलो.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तसंच झालं, पण आम्ही दारापर्यंतच गेलो. त्यानंतर नुसत्या अर्धवट उठायचो. नंतर नंतर कोणी मानही वळवत नव्हतं. पेले वाजले की लाडकी म्हणायची, "आलं गं भूत," आणि आम्ही चणे खात राहायचो. बायजी एकदा दारातून म्हणाली, "तो डबा बंद करा, नायतर पेले काढा. दोन्ही नको." तिला सिनेमातलं काय कळतं, असं आम्हाला वाटलं.

त्या रविवारी मुकेश नाक्यावर गेला होता. हेतलला आतल्या खोलीत झोपवलं होतं. भुताचा सिनेमा तिला बघू द्यायचा नाही, हाही चंद्रिकाचा नियम. सिनेमात एक बाई आजारी बापाला घेऊन रिकाम्या गावात राहायला येते आणि रोज रात्री कोणीतरी बाहेरून दाराची कडी लावून जातं. आता ती कडीचा आवाज ऐकत उभी होती. स्पीकर गुरगुरत होता. पेले वाजायला लागले.

"आलं गं भूत," लाडकी म्हणाली.

पेले जोरात वाजले. चंद्रिका हसली. मीही हसले. मी चण्यांच्या ताटलीकडे हात नेला आणि तेवढ्यात लाइट गेली. पडदा काळा झाला. स्पीकर गप्प झाला.

पेले वाजतच राहिले.

किती वेळ, मला सांगता येणार नाही. त्या शांततेत फक्त ते पेले वाजत होते, आणि आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत होतो. मग मनोरा कोसळला, पेले फरशीवर उड्या मारत गेले, आणि त्यापुढचं मला आठवतं ते थेट अंगणातलं. शेवग्याच्या झाडाला मिठी मारून मी उभी आणि झाड माझ्यासकट हलतंय. लाडकी गुडघ्यांवर. माझ्या शेजारी चंद्रिका, अनवाणी, तोंडाने श्वास घेत.

घरात काहीतरी धाडकन पडलं. धूळ दारातून बाहेर आली. मग सगळं थांबलं.

बायजी झोपडीतून बाहेर आली. तिने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मग विचारलं, "पोर कठं हाय?"

चंद्रिकाचा चेहरा मी बघितला आणि देवा, तसा चेहरा पुन्हा कोणाचा बघायला लावू नकोस. तिने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकता येईना. दाराकडे बघत ती तिथेच मातीत खाली बसली, आणि हाताने जमीन धरून ठेवायला लागली. बायजी दाराकडे धावली. माझे पाय? माझेही झाडापाशीच होते.

बायजी पायरीवर पोचायच्या आधीच हेतल उंबऱ्यात आली. केसांत धूळ, गालावर उशीची खूण, हातपाय शाबूत. बायजीने तिला छातीशी धरलं. पोर रडत नव्हती. आजीच्या खांद्यावरून ती आईकडे बघत होती.

"पेले वाजले म्हणून मी उठले," ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीत आले. हाक मारली. कोणीच नव्हतं."

नंतर मुकेशने आत जाऊन पाहिलं. आतल्या खोलीच्या भिंतीचा वरचा कोपरा ढासळला होता. उशी विटांखाली होती.

गावात ह्यावर बोलणं झालंच. खुपसायला नाकं आणि बोलायला जिभा सगळ्यांना असतात. एक बाई माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "सिनेमा बघत बसली आणि पोरीला विसरली." मी तिची पिशवी तिच्या हातात परत दिली आणि सांगितलं, मासळी दुसरीकडून घे. आम्ही सगळ्या पळालो. ज्या पळाल्या नाहीत, त्या तिथे नव्हत्या.

पण चंद्रिकाला लोकांची भीती नव्हती. कंपनीत जायची, यायची. बसमध्ये मोबाइल पर्समधून काढायची नाही. स्पीकर मुकेशने खोक्यात घालून माळ्यावर टाकला. एका संध्याकाळी ती माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मला मधलं आठवतच नाही, जमुनाबेन. पेले वाजताना आठवतंय, मग मी अंगणात. मी ठरवलं नव्हतं हो. पण पायांनी ठरवलं."

मी तिला समजावलं. म्हटलं, आमच्याकडे होडी उलटली की सख्खा भाऊ भावाच्या डोक्यावर पाय देऊन वर येतो, आणि नंतर जन्मभर त्याच्या पोरांना सांभाळतो. त्या वेळी माणूस माणूस नसतो. बुडणारा हाताला येईल त्याला धरतो.

"मी धरलं कुठे? मी सोडलं," ती म्हणाली. मग ढिगातला एक बोंबील उचलून परत ठेवला. "धक्का पुन्हा येणार. त्याची मला आता भीती नाही वाटत. तो आला की मी काय करीन, त्याची वाटते. मला माझीच भीती वाटते."



आता ती, मुकेश आणि हेतल बायजीच्या कुडाच्या झोपडीत झोपतात. विटांच्या घरात फक्त स्वयंपाक होतो, तोही दार उघडं ठेवून. परवा दिवेलागणीला मी त्यांना सुक्या कोलंबीचे सोडे द्यायला गेले. बायजी चुलीपाशी होती. अंथरुणं घातलेली होती आणि हेतल आईजवळ आडवी होऊन तिच्या साडीच्या पदराचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधत होती. एका हाताने आणि दातांनी. गाठ बसली की ओढून बघायची, सैल वाटली की पुन्हा बांधायची.

मला वाटलं, पोरीचा खेळ आहे. मी आपली नेहमीसारखी बोलून गेले, "काय गं, आई काय पळून जाणार आहे?"

हेतलने माझ्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. रागावून नाही. उद्या शाळा आहे का विचारल्यावर म्हणावं, तसं.

मला वाटलं, चंद्रिका आता रडेल, नाहीतर पोरीवर ओरडेल. पण कमरेला खोचलेला पदर तिने सोडवला, आणि गाठ नीट बसेल एवढा हेतलकडे सरकवला.