बोटीवरही जिनाच

क्रूझवर जायचं ठरलं तेव्हाच मला संशय आला होता. माझा मुलगा माजिवड्याला टॉवरमध्ये राहतो, बाविसाव्या मजल्यावर. मी डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. हे गेले त्याला दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून मुलाने एकच धोशा लावला होता, की ते घर विकून टाक आणि आमच्याकडे राहायला ये. बोटीवर निवांत बोलू, असं तो म्हणाला. म्हणजे चहूकडे समुद्र आणि मला पळायला जागा नाही.

मीही काही कमी नाही. बोटीवर चढताच जाहीर करून टाकलं की मी लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही. आमची केबिन खालच्या मजल्यावर आणि जेवणाचा हॉल पार वर. सूनबाई म्हणाली, अहो आई, कशाला उगाच. पण मला दाखवूनच द्यायचं होतं. बोटीचा जिना चढणाऱ्या बाईला स्वतःच्या घराचा जिना झेपत नाही, असं कोण म्हणणार होतं?

जिना मात्र देखणा होता. पायाखाली गालिचा, चकचकीत कठडा, पायऱ्या सगळ्या एका उंचीच्या. आमच्याकडे एक पायरी उंच तर दुसरी बुटकी, आणि माझे पाय त्यांच्यावर तयार झालेले. लिफ्टसमोर तरणीताठी माणसं ताटकळत उभी असायची. मी त्यांच्या देखत साडी जराशी उचलून, मान ताठ ठेवून वर निघायचे. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

आता आमच्या बिल्डिंगची एक रीत आहे. दम लागला असं तिथे कुणी कबूल करत नाही. मजल्यावर पोचलं की ज्याचं दार उघडं असेल त्याच्याशी बोलायला लागायचं. आज काय केलंत, पाणी आलं का, मुलीचं कुठे जमलं का. आपण दम खातोय हे समोरच्यालाही कळतं, पण तो तसं दाखवत नाही. आपला श्वास बसेपर्यंत बोलत राहतो आणि मग म्हणतो, चला, गॅसवर भाजी आहे. आमच्याकडे सगळे असेच चढतात, अगदी चाळिशीतलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोटीवर तेच केलं. मधल्या मजल्यावर एक कर्मचारी कठडा पुसत होता. मी थांबले, कठडा धरला आणि माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, जेवलास का, घरी कोण कोण असतं. त्या बिचाऱ्याला आमची रीत कुठून माहीत असणार? धापा टाकणारी म्हातारी कठड्याला धरून काहीतरी पुटपुटते आहे, एवढंच त्याला दिसलं. त्याने फोन लावला आणि बघता बघता व्हीलचेअर हजर. पाठोपाठ मुलगा आणि सून धावत आले.

माझं डोकंच फिरलं. मला काहीही झालेलं नाही, मी त्यात बसणार नाही, म्हणून ठणकावून सांगितलं. मुलानेही आवाज चढवला, जो तो सहसा चढवत नाही. सून त्या माणसाची समजूत घालत त्याला बाजूला घेऊन गेली.

"तू चढशील गं, आई," मुलगा म्हणाला. "मला तुला उतरवायची भीती वाटते. बाबांना दवाखान्यात न्यायला खुर्चीत बसवून खाली आणलं तेव्हा मागची बाजू मी धरलेली. प्रत्येक वळणावर वाटत होतं, लिफ्ट असती तर लवकर पोचलो असतो. वाचले असते."

दोन वर्षं हा हे मनात घेऊन फिरत होता, आणि मी समजत होते की याला आमची बिल्डिंग कमीपणाची वाटते. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की थोडं आधी आणलं असतं तरी काही उपयोग नव्हता. मुलालाही हे माहीत असेल असं मी धरून चालले होते. ते मी त्याला सांगितलं. आणि आणखी एक सांगितलं, जे मी आजवर फक्त स्वतःपाशी ठेवलं होतं.

"मी त्यांच्या पुढे उतरत होते. त्यांचा आवाज खोल गेलेला, तुला मागे ऐकू आलं नसेल. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते मला म्हणाले, खुर्ची जरासुद्धा हलत नाहीये बघ. आपला पोरगा ताकदीचा निघाला."

तो तिथेच पायरीवर बसला. येणारी-जाणारी माणसं त्याला वळसा घालून गेली. मी त्याच्या शेजारी कठडा धरून उभी राहिले. मग त्याने तोंड पुसलं, उठला आणि म्हणाला, घर राहू दे, पण जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवून घेऊ. मी बरं म्हटलं. ते मला मान्य होतं.

आम्ही वर निघालो. त्याने माझा हात धरला नाही, एक पायरी मागे राहून चालत होता. पुढच्या वळणावर त्याने हळूच विचारलं, "आणखी काय म्हणाले बाबा?"