म्हशीने घेतलेली तपासणी

मुलांनो, तुमच्या शाळेत एकही पुरुष शिक्षक नाही म्हणून तुमची आई काळजीत आहे, असं परवा फोनवर कळलं. तेव्हा हे आजच लिहून ठेवते, नीट पहिल्यापासून.

युद्धाच्या काळात आमच्याकडेही मास्तरांची टंचाई होती. वेल्ह्याकडच्या एका गावचे मास्तर फौजेत कारकून म्हणून गेले. दुसरा पुरुष त्या डोंगरात यायला तयार होईना, म्हणून भोरहून मला धाडलं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते.

पाटील म्हणाले, "बाई, शिकवाल तुमी झ्याक. पर पोरास्नी वढ्यातनं कोन आननार? मास्तर खांद्यावर घ्यायचे."

निम्मी मुलं ओढ्यापलीकडच्या धनगरवाड्यातली होती. माझ्या मॅट्रिकच्या अभ्यासात ओढा नव्हता. पाटलांनी ठरवलं, तपासणीचे साहेब आले की सांगायचं, मास्तर मिळेपर्यंत शाळा बंद ठेवा. म्हणजे मी भोरला परत आणि मुलं गुरांमागे.

धनगरवाड्यातल्या एका म्हातारीने ऐकलं. "येवढंच व्हय? माजी म्हस हाय की!"

दुसऱ्या दिवसापासून मुलं म्हशीच्या पाठीवरून येऊ लागली. वेळ फुकट जाऊ नये म्हणून मी त्यांना ओढ्यात पाढे म्हणायला लावले. शाळा सुटेपर्यंत म्हैस दाराशी बांधलेली असे.

एका पावसाळी सकाळी साहेब मार्गासनीहून चालत आले आणि पलीकडच्या काठावर अडकले. पाटलांनी नाइलाजाने म्हैस पाठवली. साहेब बूट हातात घेऊन बसले. मधोमध आल्यावर म्हैस पाण्यात खाली बसली.

"सायेब, पाडे म्हना!" मुलं ओरडली. "त्याबिगर ती चालत न्हाई!"

बेचा पाढा म्हणणं साहेबांना कमीपणाचं वाटलं असावं. त्यांनी थेट एकोणतीसचा धरला. म्हैस उठली, चालू लागली. "एकोणतीस सत्ते..." साहेब अडले, म्हैसही थांबली.

"दोनशे तीन!" सगळी शाळा काठावरून ओरडली.

काठावर येऊन साहेबांनी धोतर पिळलं. पाटील पुढे झाले, "सायेब, मास्तर नसल्यावर पोरांचे लई हाल..."

"पाटील, यांना आणखी कशाला हवाय मास्तर?" साहेब म्हणाले. "शाळा चालू राहील."

पाटील मला हळूच म्हणाले, "बाई, म्हशीला पेंड आमच्या घरनं."

आता त्या ओढ्यावर पूल आहे. शाळा अजून तिथेच भरते, आणि तिथल्या तिन्ही शिक्षक बायका आहेत.