पोतारलेली भिंत

सारवावं तर तुळजाबाईनं. भोकरच्या बाजूच्या त्या लहानशा गावात हे तिच्याशी भांडण असलेली बाईसुद्धा कबूल करायची. शेणात पाणी किती, वरून राख किती, हे तिच्या बोटांनाच ठाऊक. आणि मग जमिनीवर बसून अशी एकसारखी अर्धगोल बोटं ओढत मागं सरायची की वाळलेल्या भुईवर पाय ठेवायला माणसाला लाज वाटावी. लग्नघरी बोहल्याची जागा सारवायला तिलाच बोलावणं यायचं. नवी सून आळशी निघाली की सासू म्हणायची, "जा, तुळजाबाईच्या ओसरीत बसून ये जरा. घर कशाला म्हंत्यात ते कळंल."

तिचं घर म्हणजे काय राजवाडा नव्हता. वर पत्रे, भिंती मातीच्या, पुढं ओसरी, मागं गोठ्यात देवणी गाय. पण मोठा माणूस येणार म्हटलं की बाई पदर खोचायची. तलाठी येवो, पोरीकडचे पाहुणे येवोत, नाहीतर महालक्ष्म्या बसायच्या असोत, आधी भुई सारवायची, मग भिंत पोतारायची. म्हणजे ओल्या फडक्यानं धुऊन काढायची आणि वर पांढराशुभ्र चुना द्यायचा. पारोशा घरात पाहुणा बसवणं हे तिच्या लेखी पाप होतं.

नवरा भुजंग शेती बघायचा. खाऊनपिऊन सुखी माणसं. एकुलता पोरगा हरिओम भोकरला मोटार भरण्याच्या दुकानात कामाला होता. जळालेली मोटार खोलायची, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. बोलका पोरगा. जेवताना घास तोंडात असायचा आणि बडबड चालूच. तुळजाबाई म्हणायची, "अरे, गिळ आधी, मंग बोल की मेल्या!"

कुणाला कुठली अवदसा आठवली देव जाणे, गावात विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या. आतलं तांबं काढून विकायचं, सोपा धंदा. लोकांनी ओरड केली, वरून ठाण्यावर दाब आला, आणि ठाण्याला कुणीतरी माणूस पाहिजे झाला. तांब्याच्या तारेचं काम कोण करतं? हरिओम. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सकाळी पोरगा ओसरीत दात घासत होता. ठाण्याची जीप आली. काय, कशाला, असं विचारायच्या आत त्याला मधल्या घरात ढकलला. तोंड भिंतीकडं, दोन्ही हात वर. "कबूल कर." पाठीवर पट्टा, मांड्यांवर काठी. तुळजाबाई मध्ये पडली तर तिला एकानं अशी लोटली की ती उंबऱ्यावर जाऊन आदळली. तिथूनच तिनं बघितलं. शेवटी एकानं पोराचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. एकदा नाही, दोनदा नाही. "मीच केलं साहेब! केबली मीच चोरल्या!" असं पोरगा किंचाळला, तेव्हा हात थांबले. गाडीत घालून घेऊन गेले. जाताना त्याचा फोनही खिशात घातला.

नंतर तो तिला दिसला तो नांदेडच्या दवाखान्यात, डोक्याला पट्ट्या बांधलेला. ठाण्याचं म्हणणं एकच: पळून जाताना नाल्यात पडला, दगड लागला. आम्ही त्याच्या घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. घ्या! कुंपणच शेत खायला लागलं तर सांगायचं कुणाला? जीप साऱ्या गावानं बघितली होती, पण साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा जो तो शेताकडं निघाला. बरं, पोरगा दवाखान्यात असतानाही गावातल्या केबली जातच होत्या. तरी त्याच्या नावावरचा चोरीचा डाग कुणी काढला नाही.

आणि हरिओम बोलेना. डोळे उघडे, घास भरवला तर गिळायचा, हात धरला तर चार पावलं चालायचा. पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार आहे, वाचा येईल किंवा येणारही नाही. तुळजाबाईनं तुळजापूरच्या आईला हात जोडले. "तुझं नाव लावून जन्मले गं माय. माझ्या लेकराला एक शब्द बोलू दे. एकच. मंग मला ने." मंगळवार धरला, पायातली चप्पल सोडली. पोरगा जामिनावर घरी आल्यावर रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन बसायची. श्वास तेवढा ऐकू यायचा.

मधल्या घरातल्या त्या भिंतीला मात्र तिनं हात लावला नाही. तिथं एक काळपट डाग होता, डोक्याच्या उंचीवर. आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली घसरत आलेले पंजे. पोळा गेला, महालक्ष्म्या गेल्या, दिवाळी आली. सारं गाव रंगलं, आणि तुळजाबाईचं घर तसंच. शेजारची शिवकांता म्हणाली, "अगं, किती दिस पारोसं घर ठिवशील? लक्ष्मी उंबऱ्यातून माघारी जाईल."

"जाऊ दे," तुळजाबाई म्हणाली. "माझा जीव हुत न्हाई."

पुरावा म्हणून ठेवला होता का तिनं तो डाग? छे! तसं तिच्या मनातही नव्हतं. ते तिच्या लेकराचं रक्त होतं, त्याच्यावर चुना फासायला हात उचलत नव्हता, एवढंच.

हरिओम दवाखान्यात होता तेव्हाच तिला मालविका भेटली होती. लातूरच्या वकिलाची मुलगी, नांदेडला कॉलेजात शिकवायची. अशी अडलेली माणसं दिसली की त्यांची तक्रार मानवी हक्क आयोगाकडं पोचवायची, हे तिनं आपणहून गळ्यात घेतलेलं काम. शेजारच्या खाटेवरच्या एका विद्यार्थ्याला बघायला आली होती, ती तुळजाबाईजवळच बसली. सगळं ऐकून घेतलं. भिंतीवरच्या डागाचंही ऐकलं.

"मावशी, आयोग म्हणजे पोलीस नाही आणि कोर्टही नाही," ती म्हणाली. "तिथले लोक येतात, चौकशी करतात, खरं काय ते लिहितात. आणि सरकारला त्याचं उत्तर द्यावं लागतं."

तुळजाबाईनं त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं. "म्हंजी माझं लेकरू चोर न्हाई, त्याला घरात घुसून मारलं, आसं लिवतील?"

"खात्री पटली तर लिहितील."

"मंग बास. मला पैसा नको, कुनाला फाशी नको. तेवढं लिवा म्हनावं."

त्या दिवसापासून बाईचा सारा जीव त्या आयोगात अडकला. एस.टी.तून उतरणारा कुणी शर्ट खोचलेला माणूस दिसला तरी ती हातातलं काम टाकून दारात यायची. भुजंग चिडायचा, "आगं, काय येड्यावानी करून राहिलीस? आसं पायी चालत येत्यात व्हय ते?" चिडायचा खरा, पण फोन वाजला की तोही घास टाकून उठायचा.

मालविकानं तक्रारीत सगळं मांडलं. मुख्य भर त्या भिंतीवर. ठाणं म्हणतं आम्ही घरात गेलो नाही, मग घरातल्या भिंतीवर रक्त कुठून आलं? बिनतोड मुद्दा. तिनं भुजंगला फोनवर विचारलंसुद्धा, "डाग अजून आहे ना? मी येऊन फोटो काढते." भुजंग म्हणाला, "हाय की. भिंत कुठं पळून चाललीया?" मग कॉलेजच्या परीक्षा लागल्या आणि फोटो राहिला. भुजंगचा फोन तर बटनाचा, बिनकॅमेऱ्याचा.

आता इथं माणसाला राग येतो. मालविकाला ठाऊक होतं, भुजंगला ठाऊक होतं, की ती भिंतच बोलणार आहे. पण घरातली भिंत घरातल्या बाईच्या ताब्यात असते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. शिकलेल्या बाईला वाटलं, एवढं तर कुणालाही कळतं. नवऱ्याला वाटलं, बायकांना काय सांगायचं त्यातलं. आणि जिला सांगायला पाहिजे होतं, तिला कुणी एक शब्द सांगितला नाही.

अखेर फोन आला. आयोगाचे तपास अधिकारी येणार, राघवेंद्रसाहेब म्हणून, घर बघणार. हरिओमला तपासणीसाठी नांदेडला न्यायचंच होतं. भुजंग त्याला घेऊन आदल्या दिवशी पहाटेच निघाला, सकाळी मालविकाच्या गाडीनं सगळे मिळून परत यायचं ठरलं.

घरात तुळजाबाई एकटी राहिली. कितीतरी महिन्यांनी तिच्या अंगात काहीतरी हललं. पोलिसांच्या वरची माणसं आपल्या दारी येणार! आपल्या लेकराचं नाव धुऊन निघणार! आणि घर बघावं तर उकिरडा. तिनं पदर खोचला.

गायीचं ताजं शेण कालवलं. ओसरी सारवली, मधलं घर सारवलं. मग बादलीत पाणी घेतलं आणि त्या भिंतीपुढं उभी राहिली. पोतेरं हातात तसंच राहिलं. "बघ रं बाबा," ती भिंतीला म्हणाली, "आता न्याव येऊन राहिलाय. आता हे कशाला ठिवायचं?" तिनं डाग पुसला. माती भिजली, फडकं तांबूस झालं, बादलीतलं पाणी गढूळ झालं. ती रडत होती आणि पुसत होती. पंजे पुसताना तर तिनं फडकं टाकून हातच फिरवला, लेकराचा हात धरावा तसा. मग चुना दिला. एक हात, दुसरा हात. दिवस मावळायला भिंत अशी पांढरी झाली की शिवकांता दारातूनच म्हणाली, "आता कसं घर वाटतंय बाई!"

सकाळी तिनं दारात रांगोळी घातली, तोवर गाडी आलीच. मालविका पुढं, मागून भुजंग हरिओमला धरून. राघवेंद्रसाहेब वयस्कर, शांत माणूस. त्यांना रस्ता दाखवायला ठाण्यानं खाकीतला एक शिपाई दिला होता, तो मोटारसायकलीवर मागून येत होता.

मालविका मधल्या घरात आली आणि दारातच थबकली. "मावशी... हे कधी केलं?"

"काल," तुळजाबाई उजळ चेहऱ्यानं म्हणाली. "साहेब येनार म्हनून. बसा ना ताई, वाळलंय सगळं. भिंतच जरा वलसर हाय."

मालविका बसली नाही. तिचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा पडला होता. मागून भुजंग आला, त्यानं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आगं कैदाशिणी, काय केलंस हे!"

साहेबांनी कागद काढला. "तक्रारीत भिंतीवरच्या रक्ताच्या डागाचा उल्लेख आहे. कुठे आहे तो?"

तेव्हा तुळजाबाईला कळलं. एका क्षणात सगळं कळलं. ती भिंतीशी धावली आणि नखांनी चुना खरवडायला लागली. "हिथं व्हता साहेब! हिथं! आईची शप्पथ, हिथं त्याचं डोकं आपटलं, हिथं हात व्हते!" ओला चुना निघाला, खालची माती निघाली. मातीखाली मातीच होती. तिच्या बोटांतून रक्त यायला लागलं.

"बाई, थांबा. हाताला लागतंय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. "तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण मला जे दिसतं तेच लिहावं लागतं."

"मंग मला बघा की! मी बघितलंय!"

साहेबांनी कागदावर पेन टेकवला. तेवढ्यात मोटारसायकल लावून शिपाई आत आला. त्यानं दारात टोपी सारखी केली आणि भिंतीकडं बघून नुसता खाकरला.

हरिओम ओसरीत होता, बापाच्या हाताला धरून. त्यानं ती खाकी बघितली. भुजंगचा हात सुटला. जो पोरगा धरल्याशिवाय पाऊल टाकत नव्हता, तो एकटा चालत मधल्या घरात आला. सरळ त्या भिंतीपाशी गेला. तोंड भिंतीकडं केलं. दोन्ही हात वर नेले आणि पंजे ओल्या चुन्यावर टेकवले, अगदी तिथंच. पाठ आवळून तो उभा राहिला, पुढचा तडाखा यायचाय अशा बेतानं.

मालविका कशीबशी पुटपुटली, "साहेब, बघा. बघा तुम्ही."

साहेबांच्या हातातला पेन थांबला होता. ते दोन पावलं पुढं आले आणि हळूच म्हणाले, "हरिओम, घाबरू नकोस बेटा. इथं काय झालं होतं? सांगता येईल?"

पोराचे ओठ हलले. तुळजाबाई कान देऊन पुढं सरली. ज्या एका शब्दासाठी तिनं मंगळवार धरले, अनवाणी फिरली, रोज कान नेऊन बसली, तो आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, तिच्या हरीचाच.

"मीच केलं साहेब. केबली मीच चोरल्या."

"लिहून घ्या साहेब," शिपाई म्हणाला. "तुमच्यासमोर कबूल झाला."

"मीच केलं साहेब. मीच केलं."

तुळजाबाई झेपावली. तिनं लेकराला मागून मिठी मारली आणि चुन्यानं, रक्तानं माखलेला आपला हात त्याच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.

"नगं बोलू माझ्या राजा," ती म्हणत होती, "तुझ्या पाया पडते, नगं बोलू रं."