गाभण मादीचं अर्धं माप

जाफराबादजवळच्या आमच्या शेतात कपाशीच्या कडेला पांढऱ्या डुकरांची शेड आहे. ती बांधली तेव्हा गावानं नाकाला पदर लावला होता. आता तीच मंडळी पिल्लं मागायला येतात.

त्या वर्षी आमची पहिली मादी गाभण होती आणि मलाही सातवा लागला होता. सासूबाई दोघींची चौकशी एका दमात करायच्या, "तिनं खाल्लं का, अन् तू खाल्लं का?" माझा अगदी तिळपापड व्हायचा.

जनावरांच्या डॉक्टरांनी मादीसाठी खनिजांची करडी भुकटी दिली होती. रोज एक मूठ खाद्यात कालवायची, आणि शेवटच्या महिन्यात खाद्य वाढवायचं, कारण पिल्लं तेव्हाच पोटात भरतात. हे काम माझ्याकडे होतं.

सासूबाईंना ते पटेना. आमच्याकडे शेवटी शेवटी पोटुशीला पोटभर वाढत नाहीत; मूल मोठं झालं की बाई अडते म्हणतात. त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात अडून गेली होती. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात हट्ट कमी आणि धास्ती जास्त असायची.

"लेकरू जाड झालं की बाई हातची जाती. त्या मुक्या जनावराला कशाला मारून राह्यली?"

"आत्या, डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरला कधी कळा आल्यात का?"

मला हसू आलं, आणि मी ऐकलं. दोष त्यांच्यावर ढकलणार नाही. भुकटीचा डबा माझ्याच हातांनी फळीवर गेला. खाद्याचं माप मी अर्धं केलं. नवऱ्यानं विचारलं की "बराबर देते" म्हणायची. आरोग्यकेंद्राच्या आशाताईंनी मला दिलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्याही पिठाच्या डब्यामागे पडून होत्या. माझ्या ताटातसुद्धा अर्धीच भाकरी असायची.

महिन्याभरानं एका दुपारी मादी व्यायली. अजिबात अडली नाही, तासाभरात नऊ पिल्लं झाली. "बघ, अडली का?" सासूबाई म्हणाल्या आणि पिल्लांकडे वाकल्या. चार हललीच नाहीत. उरलेली माझ्या तळहातात मावत होती. आचळाला तोंड लावायचे आणि तिथंच गळून पडायचे बिचारे जीव.

डॉक्टर आले. "खाद्य किती देत होता, वहिनी?"

"अर्धं."

"अन् पावडर?"

"बंद केल्ती."

ते रागावले नाहीत, म्हणून मी जास्त घाबरले. "दुसरी कारणंही असतात," ते म्हणाले, "पण पोटात उपाशी राह्यलेली पिल्लं अशीच दिसतात."

मी घराकडे जवळजवळ पळतच सुटले. सकाळपासून माझ्या पोटात हालचाल नव्हती, हे मला त्या वाटेवर आठवलं. सासूबाई मागून धापा टाकत आल्या. मी पिठाच्या डब्यामागच्या गोळ्या काढून त्यांच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "आत्या, मला भीती वाटून राह्यली. मला पोटभर जेवायचंय."

त्यांनी पुरी भाकरी वाढली, वर दूध ओतलं आणि माझ्या पोटावर हात ठेवून बसल्या. मी घास गिळत होते, त्या वाट पाहत होत्या. भाकरी संपत आली तेव्हा त्यांच्या हाताखाली एक लाथ बसली.

"हलकी हाय," त्या म्हणाल्या. "लई हलकी हाय गं." आणि रडत रडतच त्यांनी तव्यावर दुसरी भाकरी टाकली.