पाचवी पट्टी

पाव कापला की काकू कडेचा तुकडा आधी स्वतःकडे सरकवतात. भात झाला की नाही ते झाकण न काढता, वासावरून सांगतात. खुर्चीच्या टोकावर बसतात, आणि खुर्ची नेहमी शेगडीजवळची. कुणाच्याही घरातून निघताना पंखा बंद करतात, आत माणसं बसलेली असली तरी. हसताना तोंडावर हात धरतात. मी दारात दिसले की आधी "जेवलीस?" आणि मग "ये".

आणि जेवतात भांड्याच्या झाकणात.

ही शेवटची सवय मी तीन वर्षं बघत होते. "तेवढंच एक ताट कमी घासायला," असं त्या म्हणायच्या. मी हसायचे. आता त्या हसण्याची मला लाज वाटते.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खालच्या घरात काकू, काका, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. मुलाला मी दादा म्हणते, सुनेला वहिनी. माणसं वाईट नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा तोल जाणार आहे.

काकूंनी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं स्वयंपाक केला. शेवटची बारा वर्षं त्या तिथल्या मुख्य आचारी होत्या. रोज चारशेच्या आसपास माणूस. पगाराच्या दिवशी साठ पानं कमी, कारण लोक बाहेर खायला जातात. पाऊस लागला की तीस जास्त. सोमवारी भात कमी, शुक्रवारी गोड जास्त. हे सगळं त्यांच्या डोक्यात. कारखान्यात त्यांना तराजू म्हणत.

"तराजू, उद्या किती?"

"तीनशे बासष्ट."

दुसऱ्या दिवशी तीनशे साठ आले, तर काकू दुपारभर बेचैन. "दोघं गेले कुठे? आजारी तर नाहीत ना?"

दिवसाच्या शेवटी त्यांच्याकडे अर्धी बादलीही उरत नसे. असं माप मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेलं नाही.

त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं आणि दादाने सहल ठरवली. तलावाकाठचं एक रिसॉर्ट, चार दिवस. तिथे जेवणाची योजना होती. निघण्याआधीच पैसे भरायचे. मनगटाला कापडी पट्टी बांधतात. पट्टी असली की नाश्ता, दोन्ही जेवणं, मधलं खाणं, चहा-कॉफी, हवं तितकं. पट्टी नसली तर दर वेळी रोख.

आता ही योजना घ्यावी की नाही, हे घरात कोणाला विचारणार? तराजूलाच.

"आई, तू सांग. फायद्याचं आहे का आपल्याला?"

काकूंचा चेहरा उजळला. वर्षभरात त्यांना त्यांच्या कामाचं कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी रिसॉर्टच्या खाण्याची यादी मागवली, वेळा विचारल्या, आणि मला खाली बोलावलं. "तुझं अक्षर चांगलं आहे. लिही."

मी लिहिलं. तीन संध्याकाळी.

"पहिल्या दिवशी माणूस पैसे वसूल करायला खातो. दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतो. तिसऱ्या दिवशी बोटीतून फिरायला जातो आणि दुपारचं जेवण चुकतं. लिहिलंस? नाश्ता तुडुंब झाला की दुपारी निम्मंच जातं. लोक हेच धरत नाहीत. म्हणून तर त्या रिसॉर्टवाल्यांची चंगळ."

मग एकेकाची ओळ. काका सकाळी अंडी चार, पाव पाच, अकरा वाजता पुन्हा भूक. "यांना घ्याच. रिसॉर्ट बुडवतील." काका पेपरामागून म्हणाले, "ऐकतोय मी." दादा जेवतो बेताचं, पण दिवसाला सहा कॉफ्या. घ्या. वहिनी ताटात निम्मं टाकते, पण फळं आणि सरबतं भरपूर. घ्या. नात ज्यूसवरच जगेल, पण मुलांना निम्म्या पैशांत. घ्या.

चार ओळी झाल्या. काकूंनी कागद हातात घेऊन वाचला आणि दादाला दिला. "चार घे. फायद्यात आहेस."

दादाने चार घेतल्या.

घरात माणसं पाच.

मी साहित्याची पदवी घेतली आहे. न लिहिलेलं वाचायचं, हे मला तीन वर्षं शिकवलं. मी चार ओळी लिहिल्या, खाली रेघ मारली, आणि मला काही दिसलं नाही.

निघायच्या दिवशी मी बॅगा उतरवायला गेले तेव्हा विचारलं. "काकू, तुमची पट्टी?"

"माझं काय गं. यांच्यातलेच दोन घास."

घरात तसंच चालायचं. कँटीनमध्येही तसंच. जेवणाची तिसरी, शेवटची घंटा झाली, हॉल रिकामा झाला, की मोठ्या भांड्याच्या तळाशी जे असेल ते उभ्याने. एकतीस वर्षांत तळाशी काहीच उरलं नाही असं कधी झालं नाही, कारण उरणार किती हेही त्यांच्याच हातात. जगात सगळीकडे उरलेलं आपलंच असतं, असं त्या धरून चालल्या होत्या. इतक्या हुशार बाईची एवढीच चूक झाली.

रिसॉर्टच्या जेवणघराच्या दारावर पाटी होती. एका पट्टीवर एकच व्यक्ती. ताट वाटून खाऊ नये. पदार्थ बाहेर नेऊ नयेत.

पुढचं मला तिघांनी तीन वेळा सांगितलं. वहिनीने हसत, नातीने रडत, काकूंनी माफी मागितल्यासारखं.

दारात टाय लावलेला एक माणूस उभा होता. तो पट्ट्या बघत होता. काका आत गेले, दादा गेला, वहिनी आणि नात गेली. काकूंच्या मनगटाकडे बघून तो म्हणाला, "आजी, तुमची?"

"मी जेवणार नाही. नुसती बसते यांच्याजवळ."

"बसता येणार नाही. तसा नियम आहे."

दादा मागे वळला. "अहो, आई आहे माझी."

"हो साहेब. पट्टी घ्या ना मग."

दादाने खिशात हात घातला, हे मी नाकारत नाही. काकूंनी फलकावर एका वेळच्या जेवणाचा दर वाचला आणि त्याचा हात धरला. "अरे, एवढ्यात माझ्याकडे बारा माणसं जेवली असती. मला भूकच नाही. जा तुम्ही, गार होईल."

आणि दादाने हात खिशातून बाहेर काढला. रिकामा.

इथे माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आई म्हणाली भूक नाही, आणि चाळीस वर्षांच्या माणसाने ते खरं मानलं.

रात्री काकांनी खिशातून उकडलेलं अंडं आणलं. बायकोसाठी. दारात टायवाल्याने हटकलं. काकांनी खिसा दाबून धरला, अंडं फुटलं, सदऱ्यावर डाग पडला. आजूबाजूचे हसले. खोलीवर येऊन काका काकूंना म्हणाले, "तुझ्यामुळे चारचौघांत मान खाली गेली माझी."

काकू म्हणाल्या, "चुकलंच माझं." आणि सदरा धुवायला घेतला.

चार दिवस त्या फाटकाबाहेरच्या दुकानातला पाव आणि खोलीतल्या किटलीतला चहा यांवर राहिल्या. जेवायच्या वेळी बागेतल्या बाकावर बसायच्या. तिथून काचेतून जेवणघर दिसतं.

परत आल्यावर मी विचारलं, "काय बघत होतात चार दिवस?"

काकू चिडल्या. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"अगं, बादल्या! ताटं भरभरून घेतात आणि दोन घास खाऊन उठतात. अख्खे मासे, पावाची लादीच्या लादी. एका दुपारी पन्नास माणसांचं अन्न बादलीत गेलं. मी मोजलं. त्या आचाऱ्याला सांगणार होते मी, बाबा, थोरल्या ताटल्या काढून टाक, लहान ठेव, निम्मं वाचेल."

"आणि तुम्ही बाहेर पाव खात होतात."

"त्याचा काय संबंध?"

काचेच्या आत पन्नास जणांचं अन्न बादलीत, काचेच्या बाहेर काकू. आणि त्यांना त्या दोन गोष्टींत संबंध दिसत नव्हता.

वहिनी हा किस्सा पाहुण्यांना सांगते. अंड्याच्या जागी सगळे खो खो हसतात. काकूही हसतात, तोंडावर हात धरून.

गेल्या महिन्यात रिसॉर्टचं पत्र आलं. जुन्या पाहुण्यांना सवलत. पट्ट्या या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत घ्यायच्या, नंतर दर वाढणार. मला दहा दिवसांपूर्वी कळलं तशी मी खाली गेले. सगळे टेबलाशी होते. काकू शेगडीशी. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही.

"दादा, या वेळी पाच पट्ट्या."

"माझी काय ना आहे?" दादा म्हणाला. "मी गेल्या वेळीही म्हणत होतो. आईच म्हणते वाया जाईल."

"वायाच जाईल," काकू म्हणाल्या. "मी खाते किती!"

"किती खाता?" मी विचारलं.

"अं?"

"काकांची अंडी चार, पाव पाच. दादाच्या कॉफ्या सहा. तुमचं काय?"

काकूंच्या हातात पळी होती. ती तशीच राहिली. ज्या बाईने चारशे माणसांची भूक आदल्या दिवशी सांगितली, ती बाई आठवत उभी राहिली.

"मोजलंच नाही कधी," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही सांगा. काकू सकाळी काय खातात?"

वहिनी दादाकडे बघू लागली. "आई आमच्या आधी खातात ना?"

"छे," काका म्हणाले, "आमच्यानंतर."

"नंतर तर त्या ओटा आवरतात."

"मग आधी खात असेल."

"आजी खातच नाही," नात म्हणाली. "आजी चाखते."

तीन वर्षं मी त्या घरात आठवड्यातून चारदा जेवले आहे. मलाही सांगता आलं नाही.

दादा अवघडला. "बरं, घेऊ पाच. लिही पाच."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण काकूंना अंदाजपंचे काही चालत नाही. आपल्या धंद्याची अब्रू त्यांनी एकतीस वर्षं सांभाळली आहे.

"थांब. आकडा नसताना कशी घ्यायची? उगाच घ्यायची म्हणून घेऊ नये. मी सात दिवस मोजते. बसत असेल तर घे, नसेल तर नको. वही दे गं मला."

"आई, राहू दे ना ते."

"नाही. नीट होऊ दे."

दादाने लगेच मान डोलावली. फार लगेच. "ठीक आहे. मग आकडा आला की बघू."

मी वही दिली. रेघा आखून दिल्या. सात दिवस, प्रत्येक दिवसाला सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. वर त्यांनी स्वतःच्या हाताने "मी" असं लिहिलं आणि खोडलं. मग "मी स्वतः" असं लिहिलं.

आज एकोणतीस तारीख. वही मी वर आणली आहे. माझ्यासमोर आहे.

सोमवार. सकाळ, चहा अर्धा कप, गार. पावाची कड एक. दुपार, भात झाकणभर. नातीने काढून ठेवलेली गाजरं, तीन. संध्याकाळ, काही नाही, पाहुणे होते. रात्र, सूप, भांडं निपटून.

मंगळवार. सकाळ, चहा नाही, दूध संपलं. दुपार, भात झाकणभर, यांच्या ताटातली भाजी. रात्र, पाव, करपलेला, चांगला होता.

बुधवारही तसाच. कुठे एक अख्खा पदार्थ नाही. कुठे "ताट" हा शब्द नाही.

हे वाचून मी वही घेऊन खाली गेले होते. अंगाचा तिळपापड झाला होता. काकू मटार सोलत होत्या.

"काकू, पुढचं कुठंय? उद्या शेवटची तारीख."

"लिहिते गं. यांचं आधी होऊ दे."

"कुणाचं?"

"अगं, गेल्या वर्षीचे आकडे आता चालायचे नाहीत. यांची अंडी डॉक्टरने दोनवर आणलीत. नातीची भूक वाढलीय. म्हटलं, वही आहेच हाताशी, तर त्यांचंही नव्याने बघून टाकावं. चौघांचं चोख झालंय बघ."

मी पान उलटलं. खरंच होतं. शुक्रवारपासून पुढे मी आखलेल्या सगळ्या रेघांत काका, दादा, वहिनी, नात. अंडी, कॉफ्या, फळं, ज्यूस. शेवटच्या पानापर्यंत. एक घर रिकामं नाही.

"आणि तुमचं?"

"गुरुवारपर्यंत आलं होतं. दुपारी लिहायला बसले आणि यांनी पाणी मागितलं."

मी पान मागे उलटलं. गुरुवार. सकाळ, चहा, पावाची कड. त्याखाली "दुपार" असं लिहिलं होतं, पुढे एक छोटी आडवी रेघ होती, आणि रेघेच्या टोकाशी पेन टेकवून उचलल्याचा ठिपका.